सायलेन्सरच्या वादात हरलेला माझा नवरा

मंगेश, तुला एक गोष्ट सांगायची राहिली. राहिली म्हणजे मी विसरले असं नाही. मलाच ती तू गेल्यावर कळली. ओंकार तुझा फोन का उचलत नव्हता, ते.

तू रोज विचारायचास, "झिलाचो फोन इलो?" आणि मी म्हणायचे, अरे, तिकडे आता मेंढ्या विण्याचे दिवस, पोरगा डोंगरावर असणार. तू "हां, आसात" म्हणायचास आणि टीव्हीकडे बघायचास. टीव्ही बंद असला तरी. मग त्या सकाळी ड्यूटीवर निघताना बूट घालायला म्हणून खाली बसलास, आणि उठलाच नाहीस. सगळा विषय तिथेच थांबला.

तुझा जन्म कुठला, शिक्षण काय, इथल्या कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून किती वर्षं काढलीस, ते मी लिहायला बसलेली नाही. ते आपल्या मराठी मंडळाने ग्रुपवर टाकलंय, फोटोसकट. फोटो तुला आवडला नसता. त्यात तू टाय लावलायस आणि कुणीतरी गळा धरल्यासारखा दिसतोयस.

ओंकार आला. न्यूझीलंडहून बहारीन म्हणजे काय जवळ आहे का, पण पोहोचला. इथलं सगळं त्याने केलं, गुरुजी सांगतील तसं, एकदाही चुकला नाही. पुढच्या आठवड्यात माणसांची ये-जा जरा कमी झाली तेव्हा आपल्या उम्म अल हस्समच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मी चहा टाकला होता. तो ओट्याला टेकून उभा होता. तुला माहीतच आहे, तो महत्त्वाचं सगळं इंग्रजीत बोलतो आणि मराठी भूक लागली एवढ्यापुरती ठेवतो. इंग्रजीतच विचारलं त्याने. आई, बाबांना माझी लाज वाटायची का?

मी गॅस बंद केला. म्हटलं, "कुणी सांगितलं तुला हे?"

त्याने खिशातून फोन काढला आणि त्यातून तुझा आवाज आला. "माझ्या सख्ख्या मुलालाही मी ही वस्तू घरी ठेवू देणार नाही." आणि वर टाळ्या, इतक्या की पुढचं काही ऐकूच येईना.

मंगेश, मला असा संताप आला म्हणून सांगू! कुणाचा आला ते आधी कळेना. तुझा, त्याचा, टाळ्या वाजवणाऱ्यांचा, सगळ्यांचाच. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये झालेल्या वादसभेची ती क्लिप होती. पोराने ती पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली, आणि तेव्हापासून बापाचा फोन उचलला नाही. माझ्याशी बोलायचा, तुझा विषय निघाला की "ओके आई, बाय." आणि तू तिकडे बंद टीव्हीसमोर बसून राहिलेला. मला काय माहीत रे!

आता हे सगळं कसं झालं ते सांगते. यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे, पण मला पहिल्यापासून सांगितल्याशिवाय जमत नाही. त्याला तू नीलाचं कीर्तन म्हणायचास. बस आता ऐकत.

पहिल्यापासून म्हणजे तुझ्या कानापासून. मी मुंबईत गल्फच्या मेडिकलला येणाऱ्यांचे कान तपासायचे. तू काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसला होतास, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. उजव्या कानाला छान दाबलंस. डाव्या कानालाही छान दाबलंस, जरा जास्तच छान. मला शंका आली. माझ्यामागच्या कपाटाला काच होती, तिच्यात तू माझा हात बघत होतास की काय कोण जाणे, म्हणून मी मशीन बंद ठेवून नुसतं बोट हलवलं. तू बटण दाबलंस! मी खोलीचं दार उघडून म्हटलं, "अहो, मी आवाज दिलाच नाही." तू कसला वरमतोस! म्हणालास, "मॅडम, बोट किती सुरेख हलवता."

मी रिपोर्टमध्ये जे खरं ते लिहिलं. डावा कान जवळजवळ गेलेला. ती नोकरी तुझी गेली, इथली मिळाली ती पुढे. आठवड्याने तू काजूची पिशवी घेऊन माझ्यासमोर उभा. मला वाटलं भांडायला आलाय. तर म्हणालास, "तू खरा लिवलंस, ता बरा केलंस. थंय भोंगो वाजलो असतो आणि माका ऐकू इलो नसतो, तर माझ्यापाठी धा माणसां मेली असती." त्या दिवशी मी घरी जाऊन आईला सांगितलं, मालवणी आहे, बडबड्या आहे, पण माणूस सरळ आहे. बटणाचं काही सांगितलं नाही.

कान गेला होता तो बंदुकीने. तुमच्या घरी ठासणीची बंदूक, शेती राखायला परवाना घेतलेली, गावात बहुतेकांकडे असते तशी. माकडं आणि डुकरं काजूत, भातात शिरली की तू बार काढायचास. उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा कान नळीच्या बाजूला येतो. कुणी कानात कापूस घातला नाही, कुणी सांगितलं नाही. मी कानांवरच पोट भरणारी बाई. मला त्या बंदुकीचा पहिल्यापासून राग.

आणि तुला? तुला तिच्या आवाजाचं प्रेम! त्याचं कारण तू मला लग्नाआधीच सांगितलं होतंस. तुझे थोरले भाऊ, दादा, तिन्हीसांजेला काजूच्या बागेत होते. कुणीतरी परका माणूस डुकराच्या मागावर आला, पाला हलला म्हणून त्याने गोळी घातली आणि ती दादांच्या मांडीत बसली. माणूस पळून गेला. पण आवाज झाला होता. गावातल्या माणसांना एकमेकांच्या बंदुका आवाजावरून ओळखू येतात म्हणे. चार घरांतून माणसं बाहेर आली, ही बंदूक आपल्यातली नाय म्हणाली आणि आवाजाच्या दिशेने धावली. दादा वाचले. पाय ओढतात, पण आजही बागेत जातात. तू म्हणायचास, "बंदूक आमच्या घरातली असली तरी आवाज सगळ्या गावचो. तो नसतो तर दादा सकाळी मेलेलो गावलो असतो."

मी म्हणायचे, आणि तोच आवाज तुझा कान घेऊन गेला त्याचं काय?

"एक आसा ना अजून," तू म्हणायचास. काय बोलायचं अशा माणसाशी?

इथपर्यंत ही आपली घरगुती कुरबुर होती. ती वाढली ओंकारमुळे. आपला पोरगा, बहारीनच्या फ्लॅटमध्ये वाढलेला, कबुतराला घाबरणारा, न्यूझीलंडला शेतीचं शिकायला गेला आणि तिथे मेंढ्यांच्या फार्मवर ससे मारण्याच्या कामाला लागला. तिथे ससा म्हणजे आपल्या गोष्टीतला गोंडस ससा नव्हे. गवत खातात, जमीन पोखरतात, डोंगरच्या डोंगर उघडे करतात. तू खूश झालास. "शेतीच राखता तो. आमच्या घराण्यातलोच धंदो!" सगळ्या कारखान्याला सांगून आलास. मग एक दिवस त्याने फोटो पाठवला. बंदूक, आणि नळीला पुढे काळा जाड सायलेन्सर. त्याने स्वतःसाठी घेतलेला. तिथे बंदुकीचा परवाना असला की सायलेन्सर दुकानात मिळतो, शेतकरी सर्रास वापरतात, उलट न लावणाऱ्याला शेजारी नावं ठेवतात.

मी म्हटलं, शाब्बास! निदान याचे कान तरी शाबूत राहतील. तू फोटो मोठा करून बघितलास आणि म्हणालास, "ह्या साधारण माणसाक कित्याक व्हया?"

झालं. त्या दिवसापासून आपल्या घरात नाश्त्याला तोच विषय. झल्लाकच्या समुद्रावर पाय बुडवून बसलो तरी तोच विषय. मी सांगायचे की सायलेन्सर लावला म्हणजे सिनेमातल्यासारखं फुस्स होत नाही, आवाज राहतोच, फक्त कानाचा पडदा फाडणारी धार जाते. तू म्हणायचास, आज धार जाते, उद्या बाकीचं जाईल, कंपन्या काय हात बांधून बसणार आहेत? मी म्हणायचे, वाईट माणूस कायद्याला विचारून वाईट वागतो का? तू म्हणायचास, मग आपण त्याला दुकान कशाला उघडून द्यायचं? इथल्या आपल्या मित्रांना हसू यायचं. ज्या देशात आपल्याला साधी छऱ्याची बंदूक मिळायची नाही, तिथे नवराबायको सायलेन्सरवरून भांडतायत! पण आपल्यासाठी तो प्रश्न हवेतला नव्हता. आपला एकुलता एक पोरगा त्या वस्तूसकट डोंगरावर उभा होता.

मंडळाच्या वादसभा गायकवाडबाई चालवतात. मोबाइल शाप की वरदान ऐकून ऐकून त्या इतक्या कंटाळल्या होत्या की यंदा त्यांनी जाहीर केलं, ज्या विषयावर घरात खरोखर भांडण होतं तोच विषय घ्या, आणि ज्यांचं होतं त्याच नवराबायकोने उभं राहा. वर त्यांचा नेहमीचा नियम. आधी समोरच्याची बाजू मांडायची. समोरच्याने "हो, हेच माझं म्हणणं" असं कबूल केलं तरच स्वतःची बाजू मांडायला मिळणार. आपलं नाव कुणी दिलं ते मला अजून कळलेलं नाही. मला तुझाच संशय आहे.

विषय वाचला तेव्हा अख्खा हॉल हसला. "साध्या नागरिकाला बंदुकीचा सायलेन्सर बाळगायची परवानगी असावी का?" कुणीतरी मागून ओरडलं, "आधी व्हिसा रिन्यू करायची परवानगी द्या!"

मग तू उठलास. माझी बाजू मांडायला. आणि मंगेश, त्यानंतर कुणी हसलं नाही.

मला वाटलं होतं तू कान, पडदा, माझी नेहमीची वाक्यं म्हणशील. तू कानाचं नावच काढलं नाहीस. तू सरळ त्या डोंगरावर गेलास, जिथे तू कधी पाऊल ठेवलं नव्हतंस. म्हणालास, "माझा मुलगा तिथे काम करतो. वारा कुठून येतो ते बघून तो आधी बराच वेळ नुसता बसतो. खाली मेंढ्या विणाऱ्या असतात. मोठा बार झाला की मेंढी कोकरू टाकून पळते, आणि एकदा पळाली की पुष्कळदा ती परत घेत नाही त्याला." म्हणालास, आवाजाची भीती बसली की नेम धरणाराच ट्रिगर ओढताना डोळे मिटतो, आणि मग जनावर मरत नाही, लंगडत बिळात जाऊन हळूहळू मरतं. "माझो झील दुसरी गोळी घालीत नाय. त्याका घालूची लागत नाय." हे तुझ्या तोंडून मालवणीतच निघालं आणि पुढच्या रांगेतल्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं.

आणि मग ती घोडी. "त्याच्या शेजारी एक म्हातारा राहतो, त्याची घोडी आंधळी आहे. बार झाला की ती दिसेल तिकडे नाही, सुचेल तिकडे धावते आणि कुंपणाच्या तारेत घुसते. एकदा छाती फाडून घेतली तिने. माझ्या मुलाने सायलेन्सर घेतला तो स्वतःच्या कानासाठी नाही. त्या घोडीसाठी घेतला. आता मला सांगा, अशा माणसाच्या हातात ती वस्तू नको, असं कुणाच्या तोंडाने म्हणायचं?"

गायकवाडबाईंनी मला विचारलं, "नीलाताई, तुमची बाजू पूर्ण मांडली का त्यांनी?" मी उभी राहिले. मग म्हटलं, "माझ्यापेक्षा चांगली मांडली." बावीस जणांसमोर की दोनशे, कोण मोजतंय, माझा ऊर भरून आला होता. हा माझा नवरा, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. सांगायची गरज नव्हती म्हणा, सगळ्यांना माहीत होतं.

मग माझी पाळी, तुझी बाजू मांडायची. मी गावापासून सुरुवात केली. आवाज गावचा असतो, हे सांगितलं. आता दादांचा पाय येणार, मी "एके दिवशी तिन्हीसांजेला" एवढं म्हटलं आणि सहज तुझ्याकडे बघितलं. तू खुर्चीत बसून मान हलवत होतास. नको. मला कळेना. तुझा सगळ्यात मोठा मुद्दा, तोच नको? तू पुन्हा मान हलवलीस, या वेळी कपाळाला आठी घालून. मी गिळलं आणि दुसरीकडे वळले. माझ्या तोंडून तुझी बाजू अगदीच बेचव झाली, तरी तू उभा राहून कबूल केलंस, "हो, हेच माझं म्हणणं."

स्वतःची बाजू मांडताना मी काही मागे राहिले नाही. मी तुलाच पुरावा म्हणून दाखवलं. "हे बसलेत ना, त्यांना डावीकडून हाक मारा, ओ देणार नाहीत. बंदुकीने असे किती कान घेतलेत ते मला विचारा." कुणीतरी डावीकडून "मंगेशराव!" म्हटलं आणि तू खरंच बघितलं नाहीस, की मुद्दाम बघितलं नाहीस? हे तुला विचारायचं राहूनच गेलं. हॉल माझ्या बाजूला आला तो तिथेच.

तू शेवटी बोललास, तेही काय साधं बोललास! गॅस सिलिंडरचं. "घरच्या गॅसला मुळात वास नसतो. आपण मुद्दाम घालतो, तोही घाणेरडा. का? गळती झाली तर शेजाऱ्याला कळावं. कारखान्यात फोर्कलिफ्ट मागे येताना आम्ही तिला ओरडायला लावतो. आयुष्यभर मी धोक्याला आवाज द्यायचं काम केलं, आणि आता ज्या धोक्याला आपोआप आवाज आहे त्याचा काढून घ्यायचा?" म्हणालास, कामाला लागते ना वस्तू, मग कामाच्या जागी राहू दे. सकाळी स्टोअरमधून सही करून घ्यावी, संध्याकाळी परत ठेवावी, आम्ही कारखान्यात गॅस मोजायचं मीटर ठेवतो तशी. ती कुणाच्या मालकीची होऊन घरच्या कपाटात जाऊ नये. "माझ्या सख्ख्या मुलालाही मी ही वस्तू घरी ठेवू देणार नाही. त्याच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्यासाठी नियम करायचा, तर तो ज्याच्यावर विश्वास आहे त्यालाही पाळावा लागतो."

टाळ्या तू बोलत असतानाच पडल्या, पण मतं माझ्याकडे आली. तुझ्या बाजूने चारदोन हात वर गेले असतील. त्यातला एक तुझा, सगळ्यात उंच, आणि बाईंनी मोजून झाल्यावरही तू तो खाली घेतला नाहीस. मी जिंकले होते आणि बघत तुझ्याकडे होते.

परत येताना चहाच्या दुकानाबाहेर गाडीतच बसून आपण करक चहा प्यायलो. मी विचारलं, दादांचं का नको म्हणालास? तू कपातली साय बोटाने काढत म्हणालास, "भावाचो पाय दाखवून मतां मागू? लोकांका रडवून माका जिंकूचा नाय. रडलेलो माणूस विचार करणा नाय." मी म्हटलं, मी तर तुझा कान दाखवला. तू खो खो हसलास. "तो तुझोच आसा. तूच तर रिपोर्ट दिलंस!"

इथपर्यंत तुला माहीत आहे. यापुढचं माहीत नाही.

मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकायचं काम साळुंख्यांकडे. साळुंखे त्या दिवशी प्रसादाच्या शिऱ्यापाशी उभे होते, त्यांनी नियम ऐकलाच नव्हता. घरी बसून व्हिडिओ बघताना त्यांना दिसलं की मंगेशराव आधी सायलेन्सरच्या बाजूने बोलतायत आणि मग विरोधात. त्यांना वाटलं, हे आधीचं काहीतरी चुकून आलेलं दिसतंय, गोंधळले असतील बिचारे. मित्राची अब्रू राखायची म्हणून त्यांनी पहिला भाग कापला आणि पुसूनही टाकला! उरलेल्याला नाव दिलं, "मंगेशराव, विरोधात." कुणाच्या तरी पोराने ते ओंकारला पाठवलं. परवा मी साळुंख्यांना फोन करून विचारलं तेव्हा बिचारा माणूस रडायलाच लागला. मी ओरडायला फोन केला होता, आणि बसले त्यांची समजूत काढत. खलास.

म्हणजे तू पोराबद्दल जे बोललास ते कुठेच उरलेलं नाही. उरलीय ती मी. त्या दिवशी स्वयंपाकघरात, थंड झालेल्या चहासमोर, मी ते सगळं ओंकारला सांगितलं. वारा बघणं, मेंढी, कोकरू, दुसरी गोळी. तुझी मालवणी मला जमत नाही, तरी केली. तो ऐकत होता, पण चेहरा बंद. शेवटी म्हणाला, आई, तू हे मला बरं वाटावं म्हणून सांगतेयस. बाबा गेलेत, आता कुणी काहीही सांगू शकतं.

हात मेल्या! माझं डोकंच फिरलं. तीस वर्षं लोकांचे खरे रिपोर्ट देत आलेली बाई मी, आणि पोटचं पोर मला खोटं म्हणतं? मी म्हटलं, "मला बरं वाटायला काही रचायचंच असतं तर जरा बरं रचलं असतं. ती आंधळी घोडी कशाला घातली असती मध्येच?"

"कुठली घोडी?" त्याने विचारलं.

"तुझ्या शेजारच्या म्हाताऱ्याची. तारेत घुसून छाती फाडून घेतली ती. जिच्यासाठी तू सायलेन्सर घेतलास."

मंगेश, त्याने हातातला फोन ओट्यावर ठेवला. मग म्हणाला, हे मी तुला कधीच सांगितलं नव्हतं. खरंय, मला कुठे माहीत होतं? मीही ते हॉलमध्येच पहिल्यांदा ऐकलं होतं. ते त्याने फक्त तुला सांगितलं होतं, फोनवर, सहज, तू जेवत असताना. तू नुसता हूं हूं करत होतास. त्याला वाटलं तुला ऐकू येत नाहीये, किंवा ऐकायचंच नाहीये. त्याने मग विषय सोडून दिला होता.

मी म्हटलं, "ऐकत होते रे ते. सगळं ऐकत होते. जेवताना माशाचे काटे काढायला दोन्ही हात लागतात, म्हणून उजव्या खांद्यात फोन दाबून धरायचे आणि हूं हूं करायचे."

मग तो रडला. तू गेल्यापासून पहिल्यांदा. सगळे विधी कोरड्या डोळ्यांनी करणारा पोरगा, तुझ्या ओट्याला धरून रडला, आणि मी त्याला रडू दिलं. मला वाईट वाटत होतं, आणि मी तुझ्यावर चिडलेही होते. एवढं हॉलभर लोकांना सांगितलंस, मंगेश, आणि ज्याचं त्याला एक वाक्य फोनवर सांगायला काय झालं होतं? "बरा केलंस झिला," एवढंच. मला रिपोर्टबद्दल म्हणाला होतास ना तसं. तुला वाटलं असेल, तो येईल सुट्टीला तेव्हा बोलू, समोरासमोर भांडू. तेवढं काही झालं नाही. ते तुझं चुकलंच, आणि ते मी तुला असं तोंडावर सांगणार.

पण एवढ्यावर संपलं नाही. परत जायच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. ओंकार म्हणाला, झल्लाकला जाऊ. आपण बसायचो तिथेच बसलो. त्याने ती क्लिप पुन्हा लावली, या वेळी गॅस सिलिंडरपासून, आणि दोनदा ऐकली. मग फोन खिशात ठेवला. म्हणाला, गॅसचा मुद्दा चांगला आहे, आई. खरंच चांगला आहे. मला त्याचं उत्तर सापडत नाहीये. मग म्हणाला, पण बाबांच्या गावात आवाज ऐकून धावणारी माणसं होती. माझ्या डोंगरावर मैलोन्मैल कुणी नाही, फक्त मेंढ्या आणि ती घोडी. आणि स्टोअर म्हणजे दोन तासांचा रस्ता. तो सायलेन्सर मी माझ्याकडेच ठेवणार. कुलपात ठेवीन, पण माझ्याच घरी ठेवीन.

खरं सांगायचं तर माझीच बाजू घेत होता तो, पण मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. मी विचारलं, "मग बाबांना काय सांगू?"

तो हसला. तुझ्यासारखं नाही, तो माझ्यासारखा हसतो. म्हणाला, सांग की मी त्यांचं सगळं ऐकलं आणि मला पटलेलं नाही. आणि हे तो मराठीत म्हणाला की इंग्रजीत, ते आता मला आठवत नाही. मला त्याचा चेहरा आठवतो.

काल त्याला विमानतळावर सोडून आले. आता घरात मी एकटीच आहे, आणि सांगायचं कबूल केलंय म्हणून सांगते. मंगेश, तुझ्या झिलाने तुझं म्हणणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यातलं चांगलं काय ते तुझ्या बायकोला समजावून सांगितलं. आणि मग मान ताठ ठेवून म्हणाला, मला पटलेलं नाही. तू इथे असतास तर जेवण सोडून उठला असतास, त्याच्याशी तावातावाने भांडला असतास, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या कारखान्याला सांगून आला असतास.